पेठेचा रस्ता : पादचाऱ्यांचा कीं वाहनांचा ?

प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं या त्रैमासिकास परका वाटेल. बाजारपेठेचा रस्ता वाहनांस बंद करून पादचाऱ्यांस द्यावा कीं नाहीं, आणि एकदां दिलेला रस्ता वाहनांस पुन्हां मोकळा करावा कीं नाहीं, हा वाद नगरपालिकेचा. त्यांत पोथ्या व दप्तरें धुंडाळणारांनीं कां पडावें? आमचें उत्तर असें कीं, पेठेचा रस्ता हाहि एक दस्तऐवजच आहे. आम्ही राहतों त्या रहिमतपुरास आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याच्या नांवाशीं निगडित मशीद व मकबरा आहे. त्या वास्तूंकडे संशोधकाचें लक्ष जातें. ज्या रस्त्यानें तो तेथवर पोंचतो त्या रस्त्याकडे मात्र जात नाहीं.

वाटेच्या हक्काचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत रथाच्या वाटेस ५ अरत्नि, पशूंच्या वाटेस ४, आणि लहान जनावरें व माणसें यांच्या वाटेस २ अरत्नि रुंदी सांगितली आहे. अरत्नि म्हणजे २४ अंगुळें, ढोबळ मानानें एक हात. त्याच ग्रंथांत पुढें वाट अडविणारास दंड आहे : माणसांची व लहान जनावरांची वाट अडविल्यास १२ पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास २४ पण. यावरून दोन गोष्टी निघतात. पायीं चालणाराची वाट ही उरलीसुरली जागा नव्हे, तर मापून दिलेला हक्क होता. आणि मोठ्या जनावरांची वाट अडविणें हा त्याहून भारी अपराध होता. म्हणजे आजच्या दोन्ही पक्षांस आधार एकाच ग्रंथांत सांपडतो. अर्थात् शास्त्रांतील विधि म्हणजे गांवची वहिवाट नव्हे. अर्थशास्त्रावरून रहिमतपूरच्या पेठेची रुंदी ठरवूं गेल्यास तें संशोधन होणार नाहीं.

रस्ता बंद करून पुन्हां उघडल्याचीं ठळक उदाहरणें अमेरिकेंत आहेत. मिशिगन संस्थानांतील कॅलमझू या गांवीं बर्डिक रस्त्याचा भाग १९५९ सालीं वाहनांस बंद करण्यांत आला. मूळ योजना व्हिएन्ना येथें जन्मलेला स्थापत्यविशारद व्हिक्टर ग्रुएन याची. मोटारींमुळें लोक गांवाबाहेर राहावयास गेले, तेथेंच गाड्या उभ्या करण्यास ऐसपैस जागा असलेलीं दुकानें निघालीं, आणि जुनी पेठ ओस पडूं लागली; त्यावर हा उपाय होता. विशेष हें कीं, गांवाबाहेरच्या बंदिस्त बाजाराचा आद्य नमुना, साउथडेल (१९५६), हीहि ग्रुएनचीच कृति. रोग व औषध एकाच वैद्याच्या हातचें ! पुढें १९९८ सालीं, म्हणजे ३९ वर्षांनीं, या रस्त्याच्या कांहीं भागांत वाहनें पुन्हां सोडण्यांत आलीं. शिकागोच्या स्टेट रस्त्याची गोष्ट १९७९ पासून १९९६ पर्यंत अशीच घडली.

आमच्या वाचकांस फ्रेझ्नोचें उदाहरण अधिक बोधक वाटेल. कॅलिफोर्नियांतील या शहरीं फुल्टन रस्त्यावरील पादचारी पेठ १९६४ सालीं सुरू झाली. तिची आखणी गॅरेट एक्बो याची; तींत झाडें, कारंजीं व शिल्पें मांडलेलीं होतीं. कालांतरानें ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत घेण्यास पात्र ठरली. म्हणजे जी सुधारणा म्हणून आली ती पन्नास वर्षांच्या आंतच पुराणवस्तु झाली ! रक्षणाचा पुरस्कार करणारे न्यायालयांत गेले. तरी व्यापाराच्या पुनरुज्जीवनाचें कारण पुढें करून २०१७ सालीं तेथून मोटारी धावूं लागल्या. शिल्पें त्याच रस्त्याच्या कडेस पुन्हां बसविण्यांत आलीं; मूळ रचना मात्र गेली.

यावरून पादचाऱ्यांची पेठ टिकतच नाहीं असा सिद्धांत काढणें चुकीचें होईल. कोपनहेगनचा स्ट्रॉयट १९६२ पासून, बोल्डरचा पर्ल रस्ता १९७७ पासून व बर्लिंग्टनचा चर्च रस्ता १९८१ पासून पादचाऱ्यांचाच आहे, आणि तीनहि ठिकाणीं गजबज आहे. या तीनहि गांवीं विद्यापीठें आहेत व पायीं येणारा माणूस आहे. तात्पर्य, पेठ जगते ती माणसांच्या वस्तीवर. वाहनें काढल्यानें माणसें येत नाहींत आणि वाहनें सोडल्यानें गेलेलीं माणसें परत येतातच असें नाहीं.

आपल्याकडे पुणें महानगरपालिकेनें ११ डिसेंबर २०२१ रोजीं पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांस बंद ठेविला. रस्ता बंद होऊन पुन्हां मोकळा होण्याचा हा प्रयोग एका दिवसाचा. असा निर्णय उद्यां कोणत्याहि लहान गांवीं कायमचा होऊं शकेल, आणि तो कांहीं वर्षांनीं फिरूंहि शकेल. त्या वेळीं निवाडा कशाच्या आधारें व्हावयाचा ? व्यापारी आठवण सांगेल, गाडीवाला तक्रार सांगेल. पुरावा कोणापाशींच नसेल.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, पेशव्यांच्या रुमालांइतकेच आपल्या पेठेचे कागद जपावेत. दुकानदारांच्या रोजकीर्दी व खतावण्या रद्दींत जाण्यापूर्वीं मागून घ्याव्यात. नगरपालिकेचे ठराव, व्यापाऱ्यांचे अर्ज व जुने नकाशे यांच्या नकला कराव्यात. रस्त्याची रुंदी ठिकठिकाणीं मोजून, दोन्ही टोकांकडून छायाचित्रें घेऊन तीं तारखेसह ठेवावींत. रस्ता कोणास द्यावयाचा तें गांव ठरवील. परंतु एकदां तो उखडला कीं त्याची दुसरी प्रत कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं.