माल गोदामात, माहिती एकाच्या डोक्यात

चोरी झाली किंवा आग लागली तर व्यापाऱ्याचे नुकसान सर्वांना दिसते. पण माल गोदामात पडून असताना "नाही" म्हणून गिऱ्हाईक परत पाठविले, तर ते नुकसान कोणत्याही खतावणीत चढत नाही. आम्ही ते अनेक वर्षे सोसले. व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहोत.

आमचे दुकान कर्जतला आणि गोदाम खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात. रेल्वेने अंतर जेमतेम १५ किलोमीटर. पण त्या फाट्यावर गाड्या मोजक्याच. एक तागा पाहून यायचे म्हटले तरी अर्धा दिवस जातो. गोदामात काय कुठे आहे हे आमच्या जुन्या चाचांना तोंडपाठ होते. त्यांना विचारले की काम भागत असे.

एका लग्नसराईत चाचा आजारी होते. कडावचे एक कुटुंब आले. घरातील मुलींसाठी एकाच रंगाचे ३० मीटर डाळिंबी सॅटिन हवे होते. आम्ही फळ्या धुंडाळल्या आणि नाही म्हणून सांगितले. ते कल्याणला गेले. पावसाळ्यानंतर सफाई करताना अस्तराच्या गठ्ठ्यांमागे तेच सॅटिन निघाले, ४२ मीटर! घड्यांवर दमटपणाचे डाग पडले होते. शेवटी कटपीसच्या भावात विकले. त्याच वर्षी चाचांचे निधन झाले. त्यांची टिपणवही होती, पण उर्दूत. आम्ही ती वाचू शकत होतो. आमचा मुलगा आणि दुकानातील पोरे वाचू शकत नव्हती.

पुराने शिकविलेला धडा

खरे तर आम्ही २००५ मध्येच शहाणे व्हायला हवे होते. त्या वर्षी २६ जुलैच्या अतिवृष्टीत उल्हास नदीचे पाणी चढले आणि आमचे तेव्हाचे कर्जतचे कोठार कमरेइतके भरले. विम्याचे सर्वेक्षक आले. कोणता माल, किती मीटर, कोणत्या भावाचा, असे त्यांनी विचारले. बिले मालाबरोबरच भिजली होती. तोंडी सांगितलेल्या हिशेबावर जी भरपाई मिळाली ती खऱ्या नुकसानीच्या निम्म्याहूनही कमी होती. दोष आमचाच होता. पुरावा आणि माल एकाच खोलीत ठेवले होते.

ही कल्पना नवी नाही

नमुना पाहून माल ओळखणे ही आपल्या धंद्याची जुनीच रीत आहे. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसमधील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत लावून त्यांचे २० संच करविले. १३ संच ब्रिटनमध्ये आणि ७ भारतात ठेवले गेले. नमुन्याजवळ लांबी, रुंदी, वजन आणि ठिकाण यांची नोंद होती. भारतीय गिऱ्हाइकाला काय आवडते हे तिकडच्या गिरण्यांना घरबसल्या कळावे, हा हेतू. आपला बाजार त्यांनी वहीत बसवून नेला, आणि आपल्याला आपले गोदामही वहीत बसवता आले नाही, याची आम्हाला लाज वाटली.

आम्ही काय केले?

प्रथम जागेला नाव दिले. प्रत्येक मांडणीला अक्षर आणि प्रत्येक फळीला आकडा: 'क-३' म्हणजे क मांडणीची तिसरी फळी. जागा ठरली नसेल तर फोटो असून उपयोग नाही.

मग प्रत्येक ताग्याला नंबराची चिठ्ठी बांधली आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटो दारात, दिवसाच्या उजेडात काढावा. ट्यूबलाइटखाली डाळिंबी आणि आमसुली यांत फरक कळत नाही. शेजारी पांढरा कागद आणि फूटपट्टी ठेवावी, म्हणजे रंगाचा आणि नक्षीच्या आकाराचा अंदाज येतो. गिरणीचे नाव छापलेली किनार आणि नंबराची चिठ्ठी फोटोत आलीच पाहिजे.

संगणकावर एक तक्ता केला. त्यात नंबर, फोटो, प्रकार, रंग, पन्हा, शिल्लक मीटर, लॉट, खरेदीची तारीख आणि जागा. लॉट विसरू नये. एकाच रंगाचे दोन लॉट शिवल्यावर वेगळे दिसतात आणि गिऱ्हाईक भांडायला येते. खरेदीचा भाव मात्र आपल्या जुन्या अक्षरी खुणेतच लिहावा. पडदा गिऱ्हाइकासमोरही उघडतो.

खरी अडचण शब्दांची आली. आम्ही 'फिरोजी' लिहिले, मुलाने 'आकाशी', पोराने 'स्काय'. शोधताना एक सापडे, दोन हरवत. म्हणून रंगांची यादी करून भिंतीवर लावली. त्याबाहेरचा शब्द लिहायचा नाही. ज्याला वाचता येत नाही तो फोटो पाहून नंबर सांगतो.

फोटोला पोत आणि वजन कळत नाही, म्हणून चार बोटांचा तुकडा जुन्या पद्धतीने नमुनावहीत चिकटवतोच. तक्त्याची आणि फोटोंची एक प्रत गोदामाबाहेर, घरी असते.

कायद्याचीही गरज

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. कंपोझिशन योजनेबाहेरच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने आरंभीची शिल्लक, आवक, जावक, हरवलेला व नष्ट झालेला माल आणि उरलेली शिल्लक यांचा हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. नष्ट किंवा चोरीस गेलेल्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा हे काम केवळ हौसेचे नाही.

महागड्या यंत्राची गरज नाही. पैसे घेण्यासाठी आज दुकानादुकानांत चिकटवलेला क्यूआर कोडसुद्धा जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीच निघाला होता. पुढे तोही चिठ्ठीवर छापता येईल. आरंभ वही आणि मोबाइलवर होतो.

आम्हाला सुमारे दोन महिने लागले. पहिल्याच फेरीत इतका पडून राहिलेला माल दिसला की नवीन खरेदी एका हंगामापुरती थांबवावी लागली. चूक अजूनही होते: कापलेले मीटर त्याच दिवशी उतरवले नाहीत तर तक्ता खोटे बोलू लागतो. म्हणून रात्री गल्ला मोजल्यावर आधी कापलेल्या मालाची नोंद, मगच शटर खाली.

बंधूंनो, नोकर कितीही इमानदार असो, त्याच्या आठवणीवर गोदाम सोडू नका. त्याच्याजवळ बसा, तो सांगेल ते लिहून घ्या, फोटो काढा. आमचे चाचा आनंदाने सर्व सांगितले असते. आम्ही विचारले नाही.