‘ड’ जीवनसत्त्व आणि आत्मप्रतिरक्षा विकार

‘ड’ जीवनसत्त्वाचा उल्लेख होताच आपल्या मनात हाडांचा विचार येतो आणि ते स्वाभाविक आहे. लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकविणारा मुडदूस हा रोग या जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे ज्ञान आता शंभर वर्षांचे झाले आहे. परंतु गेल्या चार-पाच दशकांत या जीवनसत्त्वाचा संबंध एका सर्वस्वी निराळ्या रोगसमूहाशीही जोडला जाऊ लागला आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटल्यामुळे होणारे हे रोग होत. त्यांवर ‘ड’ जीवनसत्त्व हा रामबाण उपाय आहे अशी समजूत अलीकडे बरीच पसरली असून, तिच्या भरवशावर काही रुग्ण चालू असलेली औषधे परस्पर बंद करतात. म्हणूनच या विषयात सिद्ध झालेले काय आणि केवळ संभाव्य काय, याची उकल करणे अगत्याचे आहे.

आपल्यांवरच उलटलेली यंत्रणा

रक्तातील पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या रोगजंतूंना ओळखून त्यांचा नाश करतात. आपले कोण आणि परके कोण, हा विवेक त्यांना असावा लागतो. हा विवेक सुटला की त्या शरीराच्याच एखाद्या अवयवाला शत्रू मानू लागतात. अशा रोगांना आत्मप्रतिरक्षा विकार म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘ऑटोइम्यून’ असा शब्द येतो तो यांच्याच संबंधी. सांध्यांचे अस्तर सुजवून त्यांची झीज करणारा रुमॅटॉइड संधिवात, स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण झिजविणारा मल्टिपल स्क्लेरोसिस, तसेच ल्युपस, सोरायसिस, कोड आणि थायरॉइड ग्रंथीचे काही विकार या वर्गात मोडतात. यांपैकी बहुतेक रोग आयुष्यभर सोबत करणारे आहेत.

त्वचेपासून पेशीपर्यंत

‘ड’ जीवनसत्त्व हे इतर जीवनसत्त्वांसारखे केवळ अन्नातून मिळत नाही. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपैकी विशिष्ट लांबीचे किरण त्वचेवर पडले की तेथील कोलेस्टेरॉलसदृश पदार्थापासून ते तयार होते. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर जंबुपार किरणांचा दिवा वापरून त्यांची हाडे सुधारून दाखविली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळतो हे सिद्ध केले. १९२२ साली एल्मर मॅकॉलम यांनी त्या तेलातील हा घटक वेगळा ओळखला आणि पुढे त्याला ‘ड’ हे नाव मिळाले.

त्वचेत तयार झालेले अथवा अन्नातून आलेले हे जीवनसत्त्व जसेच्या तसे कामी येत नाही. प्रथम यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन त्याचे सक्रिय रूप सिद्ध होते. यकृतातून निघालेले रूप म्हणजे रक्तातील साठा; रक्ततपासणीत मोजले जाते ते हेच. सक्रिय रूपाचे कार्य एखाद्या संप्रेरकासारखे असते. ते पेशीतील ठराविक ग्राहीला जाऊन चिकटते आणि पेशीला कामाचा आदेश देते. असे ग्राही आतडी व हाडे यांत असणार हे अपेक्षितच होते. परंतु १९८३ साली ते प्रतिकारक पांढऱ्या पेशींतही आढळले. पुढे असेही दिसून आले की, या पेशी रक्तातील साठ्यापासून आपल्यापुरते सक्रिय रूप स्वतःच तयार करू शकतात. त्याचा परिणाम दुहेरी असतो. जंतुनाशक द्रव्यांची निर्मिती वाढते आणि त्याच वेळी दाह भडकविणाऱ्या पेशींना आवर बसून त्यांना शांत ठेवणाऱ्या पेशींना बळ मिळते. ‘ड’ जीवनसत्त्व आणि आत्मप्रतिरक्षा विकार यांच्या संबंधाचा शास्त्रीय पाया तो हाच.

संशयाचा धागा

मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग विषुववृत्ताजवळ विरळ असून ध्रुवांच्या दिशेने जावे तसतसा वाढत जातो, हे निरीक्षण जुने आहे. जेथे ऊन कमी तेथे रोग अधिक, असा त्याचा सरळ अर्थ लावण्यात आला. १९९६ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये त्या रोगासारखाच विकार निर्माण करून, ‘ड’ जीवनसत्त्वाच्या सक्रिय रूपाने तो थोपविता येतो हे दाखविले. २००६ साली अमेरिकी सैन्यदलातील सत्तर लाखांहून अधिक व्यक्तींच्या साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे हा रोग जडलेल्या २५७ जणांचे रोगापूर्वीचे नमुने निरोगी सैनिकांच्या नमुन्यांशी ताडून पाहण्यात आले. गौरवर्णीय सैनिकांत ज्यांच्या रक्तातील साठा सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात होता, त्यांना सर्वांत खालच्या हिश्श्यातील सैनिकांच्या तुलनेने रोगाचा धोका ६२ टक्क्यांनी कमी दिसला. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत मात्र असा संबंध आढळला नाही.

मधुमेहाच्या बाबतीतही असाच धागा हाती आला. फिनलंड हा उन्हाचा दुष्काळ असलेला देश. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे प्रमाण तेथे जगात सर्वाधिक आहे. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. ज्या अर्भकांना त्या काळच्या शिफारशीप्रमाणे रोज २,००० आंतरराष्ट्रीय एकके ‘ड’ जीवनसत्त्व नियमित दिले गेले, त्यांना त्याहून कमी मात्रा मिळालेल्या मुलांपेक्षा मधुमेह पुष्कळच कमी झाला, असा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला.

कारण की केवळ सोबत?

परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नाही. सांधे दुखणारा रुग्ण घराबाहेर कमी पडतो, त्याला ऊन मिळत नाही आणि त्याच्या रक्तातील साठा घटतो. अशा वेळी उणीव हे रोगाचे कारण नसून परिणाम असतो. शरीरात दाह असतानाही हा आकडा खाली येतो. म्हणून रोगी माणसाच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघाले, एवढ्यावरून रोगाचे मूळ सापडले असे मानता येत नाही.

शिवाय उन्हाच्या नियमाला ठळक अपवाद आहेत. भूमध्य समुद्रातील सार्डिनिया हे बेट उन्हाने न्हालेले. तरी मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पहिल्या प्रकारचा मधुमेह हे दोन्ही रोग तेथे मोठ्या प्रमाणावर आहेत. आपल्याकडे मुंबई व पुणे येथील पारशी समाजात मल्टिपल स्क्लेरोसिसचे प्रमाण इतर समाजांपेक्षा लक्षणीय अधिक असल्याचे पाहण्यांतून आढळले. ऊन सर्वांना तेच. फरक आहे तो आनुवंशिक घडणीचा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासाने तर एपस्टाइन-बार या विषाणूच्या संसर्गानंतर या रोगाचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो हे दाखविले. तात्पर्य, वंश, संसर्ग, धूम्रपान अशा अनेक कारणांच्या मेळातून हे रोग उद्भवतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव हे त्यांतील एक कारण असू शकेल. एकमेव खचित नाही.

प्रयोगाचा कौल

अशा प्रश्नाचा निवाडा करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून एका गटास औषध आणि दुसऱ्यास तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देणे. अमेरिकेत ‘व्हायटल’ या नावाने असा प्रयोग झाला. पन्नाशी ओलांडलेले पुरुष व पंचावन्नच्या पुढील स्त्रिया मिळून २५,८७१ व्यक्तींनी त्यात भाग घेतला. निम्म्यांना रोज २,००० एकके ‘ड’ जीवनसत्त्व सुमारे पाच वर्षे देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात १२३ जणांना नव्याने आत्मप्रतिरक्षा विकार झाला, तर दुसऱ्या गटात १५५ जणांना. म्हणजे धोक्यात २२ टक्के घट झाली.

हा कौल आशादायक आहे. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक गटात सुमारे तेरा हजार माणसे होती आणि फरक बत्तीस रुग्णांचा. साध्या हिशेबाने, सुमारे चारशे माणसांनी पाच वर्षे रोज गोळी घेतली तेव्हा एकाचा विकार टळला. प्रयोग संपून गोळ्या थांबल्यावर दोन वर्षांनी पाहिले असता हा लाभ ओसरल्याचेही २०२४ साली दिसून आले. तसेच हा प्रयोग उतारवयातील, अद्याप रोग न जडलेल्या माणसांवरील होता. तरुणांस अथवा बालकांस तोच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

रोग जडल्यानंतर

रोग होऊ न देणे आणि झालेला रोग बरा करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज ५,००० एकके देऊन ६०० एककांशी तुलना करणारा अमेरिकेतील प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. रोगाचे झटके कमी करण्यात मोठ्या मात्रेचा काहीही अधिक उपयोग दिसला नाही. २०२५ साली फ्रान्समधील प्रयोगात, रोगाची नुकतीच सुरुवात झालेल्या रुग्णांना दर पंधरवड्यास एक लाख एकके दिली असता दोन वर्षांत ६०.३ टक्के रुग्णांत रोगाची हालचाल आढळली, तर औषधविरहित गटात हे प्रमाण ७४.१ टक्के होते. फरक मुख्यतः मेंदूच्या एमआरआय चित्रांत दिसला. प्रत्यक्ष झटक्यांच्या संख्येत निर्णायक अंतर पडले नाही. ही मात्राही वैद्यकीय देखरेखीखालील होती, हे विसरता कामा नये. ‘ड’ जीवनसत्त्वाने हा अथवा अन्य कोणताही आत्मप्रतिरक्षा विकार बरा होतो, असे आजवर कोठेही सिद्ध झालेले नाही.

उन्हाच्या देशातील उणीव

इतके ऊन असलेल्या आपल्या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव व्यापक आहे, ही बाब प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटते. तिची कारणे आपल्या राहणीत आहेत. सावळ्या त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करण्यास अधिक वेळ लागतो. अंगभर वस्त्रे, दिवसभर बंद खोलीतील काम, शहरांतील धूर यांमुळे किरण त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत. खिडकीच्या काचेतून ऊन येते, पण उपयुक्त किरण अडतात. सकाळच्या कोवळ्या उन्हाची महती आपल्याकडे फार; परंतु ज्या किरणांची येथे आवश्यकता आहे ते त्या वेळी अत्यल्प असतात. सोपी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडत असेल तेव्हाचे ऊन या कामी उपयोगाचे. अशा वेळी चेहरा व हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात वावरावे. त्वचा भाजेपर्यंत थांबू नये.

आहारात तारली व बांगड्यासारखे तेलकट मासे आणि अंड्याचा बलक ही मुख्य साधने होत. शाकाहारी कुटुंबांना नैसर्गिक साधने फारशी नाहीत. त्यांनी ‘+एफ’ हे निळे चिन्ह असलेले समृद्ध दूध व खाद्यतेल वापरावे. तथापि एका पेला दुधातून पन्नास-साठ एककेच मिळतात आणि प्रौढाची दैनंदिन गरज ६०० एककांची आहे, हे ध्यानात ठेवावे.

रुग्णांनी घ्यावयाची दक्षता

आत्मप्रतिरक्षा विकाराच्या रुग्णांना हे जीवनसत्त्व अनावश्यक आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. यांपैकी अनेकांना दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावी लागतात आणि त्यांमुळे हाडे ठिसूळ होतात. अशांना ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे मिळणे निश्चितच गरजेचे असते. आतड्यांच्या विकारात त्याचे शोषण घटते, तेव्हा मात्रा वाढवावी लागते. ल्युपसच्या रुग्णांची गोष्ट उलट आहे. ऊन लागताच त्यांचा रोग उफाळू शकतो. म्हणून त्यांनी ‘ड’ जीवनसत्त्वासाठी उन्हात बसू नये, ते गोळीवाटेच घ्यावे.

औषधांच्या दुकानांत मिळणारी ६०,००० एककांची गोळी अथवा पुडी साधारणतः आठवड्यातून एकदा आणि ठराविक आठवडेच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यास अपाय होतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठते; जास्त झालेले लघवीवाटे सहज निघून जात नाही. रक्तात कॅल्शियम चढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी आणि भ्रम ही लक्षणे होतात. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये अर्भकांच्या अन्नात हे जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर मिसळले गेल्यामुळे अनेक बालकांना असा अपाय झाला होता. आपल्याकडे अर्भकांसाठी पहिल्या वर्षी रोज ४०० एककांची शिफारस आहे. फिनलंडमधील जुनी मात्रा वाचून कोणीही ती आपल्या बाळास देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. रुमॅटॉइड संधिवातात सांध्यांची कायमची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन बंद केल्यास काही दिवसांत प्राणावर बेतते. या रोगांवरील औषधांची जागा कोणतेही जीवनसत्त्व घेऊ शकत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव असल्यास ती अवश्य भरून काढावी. मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. आणि चालू औषधांत त्यांच्या सल्ल्यावाचून कोणताही बदल करू नये.