गर्भाशयाचा कर्करोग व लसीका ग्रंथींची शस्त्रक्रिया

गर्भाशयाच्या अंतःस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगात गर्भाशय, बीजवाहिन्या व बीजकोश काढून टाकणे हा मुख्य उपचार होय, याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो श्रोणीतील लसीका ग्रंथींविषयी. रोगाची अवस्था शस्त्रक्रियेवरून ठरवावी, हा दंडक आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने १९८८ साली घातला आणि या ग्रंथी सरसकट काढण्याचा प्रघात अनेक ठिकाणी रूढ झाला.

या प्रघाताची कसोटी दोन यादृच्छिक परीक्षणांनी पाहिली : इटलीतील ५१४ स्त्रियांचे (२००८) व 'ॲस्टेक' नावाचे १४०८ स्त्रियांचे (२००९). रोग गर्भाशयापुरताच असल्याचे मानलेल्या या स्त्रियांत ग्रंथी काढल्याने आयुष्य वाढते, असे एकातही आढळले नाही. उलट पायांवर सूज येण्याचे प्रमाण मात्र वाढले. 'ॲस्टेक'मध्ये पुष्कळ जणींच्या मोजक्याच ग्रंथी काढल्या गेल्या, हा टीकाकारांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हे. तथापि इटालीय परीक्षणातील एक आकडा अधिक बोलका आहे. ग्रंथी काढलेल्या गटात १३.३ टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत रोग सापडला, तर दुसऱ्या गटात केवळ ३.२ टक्के स्त्रियांत. दोन्ही गट सारखेच असल्यामुळे दुसऱ्या गटातील बराचसा रोग अज्ञातच राहिला, हे उघड आहे. म्हणजे या शस्त्रक्रियेचे मोल रोग बरा करण्यात नसून तो कोठवर पोचला आहे हे कळण्यात आहे.

तेवढेच कळावयाचे असेल तर सर्व ग्रंथी कशाला काढावयाच्या? गर्भाशयग्रीवेत इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य टोचल्यास ते लसीकामार्गाने प्रथम ज्या ग्रंथीत पोचते ती 'प्रहरी ग्रंथी'. तीच काढून तिचे सूक्ष्म छेद तपासावयाचे. अमेरिकेतील 'फायर्स' अभ्यासात (२०१७) ३४० स्त्रियांत प्रहरी ग्रंथींचा शोध घेऊन पाठोपाठ इतर ग्रंथीही काढल्या. ४१ जणींच्या ग्रंथींत रोग निघाला. त्यांपैकी ३६ जणींत प्रहरी ग्रंथी सापडली होती व त्यांतील ३५ जणींत तिने रोगाची खूण दिली. संवेदनक्षमता ९७ टक्के सांगतात ती या ३६ जणींपुरती. सर्व ४१ धरल्यास हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवर येते. दोन्ही बाजूंची प्रहरी ग्रंथी तर ५२ टक्के स्त्रियांतच सापडली. म्हणूनच ज्या बाजूस रंग पोचत नाही त्या बाजूच्या ग्रंथी पूर्वीप्रमाणे काढाव्यात आणि संशयास्पद दिसणारी ग्रंथी, रंग असो वा नसो, काढावीच, असा नियम आहे. तो वगळून नुसती प्रहरी ग्रंथी शोधणे म्हणजे अर्धीच पद्धत उचलणे होय.

आयुर्मानाचा प्रश्न या अभ्यासाने सुटत नाही, कारण त्यात सर्वच स्त्रियांची व्यापक शस्त्रक्रिया झाली होती. शिवाय सूक्ष्म छेदांत ०.२ मिलिमीटरहूनही लहान पेशीसमूह आढळू लागले आहेत. पूर्वी ते नजरेसच येत नसत. त्यांच्यावर पुढील उपचार करावेत की नाही, याविषयी एकमत नाही.