सार्वजनिक काका

नवलाख उंबऱ्यात जमिनीचा तंटा निघाला, की माणूस वडगावच्या कोर्टात जातो. वकील देतो. वकीलपत्रावर सही करतो. त्या सहीचा अर्थ असा, की "माझ्या वतीनं तुम्ही बोला."

एका माणसासाठी वकील बोलतो. मग सगळ्या रयतेसाठी कोणी बोलायचं? पुण्याचे एक वकील या कामाला लागले. त्यांचं नाव गणेश वासुदेव जोशी.

त्यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यात झाला. पुण्याला येऊन त्यांनी आधी सरकारी नोकरी केली. पुढे ते वकील झाले.

तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. कायदे तेच करीत, सारा तेच ठरवीत. रयतेला कोणी विचारीत नसे. पुण्यात पर्वती देवस्थानाच्या कारभाराबद्दल लोकांची तक्रार होती. पण चार माणसं साहेबाकडे गेली, तर साहेब विचारणार, "तुम्हाला पाठवलं कोणी?"

जोशींनी पुढाकार घेतला. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा निघाली. सभेचा नियम असा, की सभासद व्हायचं तर निदान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. मुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीनं बोलण्याचा लेखी अधिकार. पंचाण्णव सभासद झाले. त्यांच्यामागे सहा हजार लोक उभे होते. साहेबाच्या प्रश्नाला आता लेखी उत्तर होतं. या सभेवरूनच लोक जोशींना 'सार्वजनिक काका' म्हणू लागले.

सभेत सरदार, सावकार, वकील यांचा भरणा जास्त होता. तरी शेतकऱ्याचं दुःख सभेनं सरकारपुढे मांडलं. १८७६-७७ साली मोठा दुष्काळ पडला. तेव्हा सभेनं गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारला लिहून कळवली.

काकांनी देशी कापडाचं व्रत घेतलं होतं. १८७७ साली दिल्लीला मोठा दरबार भरला. राजेरजवाडे भरजरी कपड्यांत आले. काका मात्र जाड्याभरड्या खादीत गेले.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. त्यांची बाजू घेणं म्हणजे सरकारची नाराजी ओढवणं. काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. पुढच्याच वर्षी, १८८० साली, काका वारले.

आज आपल्याला मत आहे, ग्रामसभा आहे. रस्ता हवा, पाणी हवं, तर एकट्यानं हेलपाटे घालू नयेत. दहाजणांनी बसावं, अर्ज लिहावा, तो सर्वांना वाचून दाखवावा. पटला तरच खाली सही करावी.