लखनौहून धरानला

लखनौच्या छावणीत अकराव्या गोरखा रायफल्सचे केंद्र आहे. १९४८ साली पुन्हा उभारलेल्या या रेजिमेंटमध्ये पूर्व नेपाळचे राई व लिंबू प्रामुख्याने भरती होत आले. निवृत्तीनंतर असा जवान स्वगृही, म्हणजेच परदेशी, जातो. लष्करी रुग्णालयातील ओळखीचे मनोविकारतज्ज्ञ मागे राहतात. रात्रीची दुःस्वप्ने मात्र सीमेवर अडत नाहीत. माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्ययोजनेचे दवाखाने काठमांडू, पोखरा व धरान येथेही आहेत, ही गोष्ट त्याला निघण्यापूर्वीच सांगावयास हवी. गुडघेदुखी तो निःसंकोच सांगतो. मनाची दुखापत तेवढी लपवितो! म्हणून योजनेच्या ओळखपत्राबरोबरच निदानाची व चालू औषधांची कागदपत्रे लखनौतच मागून घ्यावीत, आणि ती कशासाठी आहेत हे पत्नीलाही समजावून द्यावे.