मोराचा एक रंग आणि थांबलेला माग

बारावीनंतर मुलाला 'सप्लाय चेन मॅनेजमेंट'ला घालावे का, असे पालक विचारतात. हे असते तरी काय, ते समजायला येवलेकरांना लांब जावे लागत नाही.

रेशीम बेंगळुरूकडून येते, जर सुरतेहून. मग रंगवणे, उकलणे, ताणा करणे, मागावर एकेक धागा सांधणे. तेव्हा कुठे पैठणी सुरू होते. भरगच्च पदराला महिने लागतात. मजुरी बहुधा साडी उतरल्यावरच. पदरातल्या मोराचा एक रंग संपला की माग थांबतो आणि घरखर्चाची ओढाताण सुरू होते. 2020च्या टाळेबंदीत तर कच्चा माल आणि गिऱ्हाईक, दोन्ही टोके एकदम तुटली.

जपानच्या टोयोटाने लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायची पद्धत रूढ केली. आपल्या विणकराने ती जशीच्या तशी उचलू नये, असे मला वाटते. नेहमीच्या रंगांचे थोडे रेशीम घरात हवेच. पण किती? जास्त घेतले तर पैसा कपाटात अडकतो, उधारी वाढते. रंग यायला किती दिवस लागतात आणि तेवढ्या दिवसांत तो किती खपतो, एवढे पाहायचे. माझ्या वर्गातली एक मुलगी अब्बांसाठी हा हिशेब गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर ठेवते.