आवृत्ती-नियंत्रणातील वगळणीचे नमुने : विद्यार्थी-प्रकल्पांच्या संदर्भात

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासकार्यासाठी 'गिट' ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली निर्माण केली. प्रकल्पातील नोंदविलेला प्रत्येक बदल जतन करणे हा तिचा गुण होय. प्रकल्प-मार्गदर्शक प्राध्यापकांची अडचणही त्यातूनच उद्भवते. काय जतन करू नये, हे तिला आधीच सांगावे लागते.

समजा, सांगलीतील हळदीच्या सौद्यांवर एखाद्या विद्यार्थ्याने प्रकल्प केला आहे. शेतकऱ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक असलेली फाईल आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये आहे. अशा फायलींचे नमुने '.गिटइग्नोर' या साध्या मजकूर-फाईलमध्ये, एका ओळीत एक, याप्रमाणे लिहावयाचे असतात. (नावाच्या आरंभीचे टिंब विसरू नये.) तारांकन म्हणजे नावातील कोणतीही अक्षरे, अखेरीस तिरकी रेघ असल्यास नमुना केवळ फोल्डरला लागू होतो.

उद्गारचिन्हाने अपवाद करता येतो. मात्र येथे जाणकारही चुकतात. सातारा जिल्ह्यातील पर्जन्यमानाच्या प्रकल्पात 'नोंदी/' असे लिहून पुढील ओळीत '!नोंदी/महाबळेश्वर' असा अपवाद केल्यास तो निष्फळ ठरतो, कारण संपूर्ण फोल्डरच वगळले गेल्याने गिट त्याच्या आत पाहतच नाही. प्रथम 'नोंदी/*' असे लिहिले, तरच महाबळेश्वरची फाईल राहते. एकाच फाईलमध्ये परस्परविरोधी नमुने असल्यास शेवटचा जुळणारा नमुना ग्राह्य धरला जातो.

सर्वांत गंभीर गैरसमज मात्र निराळा आहे. वगळणीचा नमुना केवळ अद्याप न नोंदविलेल्या फायलींना लागू होतो. पासवर्डची फाईल एकदा नोंदविली गेल्यावर नमुना लिहून काहीही साधत नाही. 'गिट आरएम' ही आज्ञा 'कॅश्ड' या पर्यायासह दिल्यास फाईल संगणकावर राहून पुढील नोंदींतून वगळली जाते, परंतु पूर्वीच्या नोंदींत ती तशीच असते. पासवर्ड बदलता येतो, आणि तो त्वरित बदललाच पाहिजे. शेतकऱ्याचा भ्रमणध्वनी क्रमांक बदलणे आपल्या हाती नसते. तेथे प्रकल्पाचा संपूर्ण इतिहासच पुन्हा लिहावा लागतो. तत्पूर्वी कोणी प्रत उतरवून घेतली असल्यास तोही उपाय अपुरा पडतो. म्हणून प्रकल्पाचा विषय मंजूर करतानाच, पहिली नोंद होण्यापूर्वी, मार्गदर्शकाने ही फाईल मागून घेऊन तपासावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.